मरून रंगाचा थेंब

अकरा वाजून वीस मिनिटांनी नव्या कार्डाचा करंट पुन्हा झुलायला लागला. शंभरावर धरून ठेवायचा, तो ऐंशीला उतरला, एकशेवीसवर चढला, आणि चौथ्या झोक्याला सेट ट्रिप झाला.

"लागली वाट!" सुयोगनं लॅपटॉपवरून हात उचलले. "मावशी, करंट किती घाईनं सावरायचा तो आकडा तुमच्या डायरीतलाच टाकलाय. बारा."

सुलक्षणा डायरी चाळत राहिली. सत्तावीस वर्षांपूर्वी जोगेश्वरीच्या याच गाळ्यात ती कंट्रोल कार्डं लावायची, तेव्हाची डायरी. पानांना अजून सोल्डरचा वास होता. मुलामा देणाऱ्या कारखान्यांच्या टाक्यांना करंट पुरवणारे रेक्टिफायर, म्हणजे हे सेट, इथे बनत. टाकीत माल बुडवला की करंट हलतो. कार्डानं तो मोजायचा आणि जागेवर आणायचा. वडिलांच्या माघारी सुयोगची ही पहिली मोठी ऑर्डर, आणि गिऱ्हाईक चार वाजता सेट बघायला येणार होतं. वडिलांच्या वेळचा एक सेट अजून न कुरकुरता चालतो, म्हणून त्यानं मुलुंडहून तिला बोलावलं होतं.

"तुझं डिजिटल कार्डच उतावळं आहे," ती म्हणाली. "तो जुना सेट उघड. माझ्यानंतर त्याला कुणी हात लावलेला नाही."

खरंच, हाच आकडा ठरवणाऱ्या प्रीसेटच्या बारीक स्क्रूवर मरून नेलपॉलिशचा थेंब तसाच होता. सेटिंग झालं की ते हलू नये म्हणून रंगाचा थेंब टाकतात. बाकीचे डब्यातला पिवळा रंग टाकत; तिची मात्र पर्समधली बाटली.

याच सेटवरून तिचं शेजारच्या टेबलावरच्या अनंतशी वाजलं होतं.

"इतकी घाई कित्याक गो? जरा दमान घेवंदे तेका."

"तुझ्या दमानं माल काळा पडेल, अनंता. तू आपला मासे घेऊन घरी जा."

गाळाभर हशा पिकला होता. ती मात्र थेंब टाकून, सर्टिफिकेटवर सही करून, त्याच आठवड्यात नोकरी सोडून गेली. त्याचा निरोपही घेतला नाही.

तिनं प्रीसेटचा एक पाय सोडवून मीटर लावला. साडेसात.

पुन्हा लावला. साडेसातच.

मग तिनं नखानं थेंब खरवडला. वरच्या मरूनखाली आणखी एक मरून थर होता, स्क्रू फिरवल्यावर चिरतो तसा मधोमध चिरलेला. तिची बाटली तर तिच्याबरोबर मुलुंडला गेली होती. बायकांशी बोलताना जमिनीकडे बघणारा अनंत स्टेशनसमोरच्या बांगडीवाल्याकडे जाऊन हीच छटा शोधत उभा राहिला असेल. सेटच्या आत चिकटवलेल्या सर्टिफिकेटवर सही अजून तिचीच होती.

"साडेसात टाक," ती म्हणाली.

करंट एकदाच नव्वदला उतरला, शंभरावर आला आणि तिथेच थांबला.

"झकास! म्हणजे मावशी, तुम्ही डायरीत लिहिताना चुकलात."

हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. सुयोग हसत होता.

"लिहिताना नाही रे, लावतानाच चुकले. हे सेटिंग अनंतचं आहे. रिपोर्टवर त्याचं नाव घाल."

"अनंतकाका? बाबा सांगायचे, तुमच्यामागून वर्षभरात तेही नोकरी सोडून गेले. असतात कुठे आता?"

सुलक्षणानं कार्ड हळूच टेबलावर ठेवलं. नव्व्याण्णवच्या जानेवारीत आरे कॉलनीच्या थांब्यावर तो तिला रस्त्यापलीकडे दिसला होता. त्यानं हात वर केला, आणि गाड्या थांबायची वाट बघत उभा राहिला. तेवढ्यात तिची बस आली, आणि ती चढली.

त्यापुढचं तिला काही माहीत नव्हतं.