सॉर्टरवरचा पाऊण तास

संगमनेरपासून राहुरीपर्यंत रेश्माने मांडीवरचा बर्फाचा डबा एकदाही खाली ठेवला नाही. त्यात बैलाच्या चरबीतून सुट्या केलेल्या पेशी होत्या. पायाची शीर तुटलेल्या जनावराला मूळपेशींचं इंजेक्शन देऊन पुन्हा चालतं करता येईल का, हे ती दोन वर्षं शोधत होती. पण हजारो साध्या पेशींतून मोजक्या मूळपेशी निवडणारं सॉर्टर यंत्र तिच्या कॉलेजात कुठलं असायला? राहुरीजवळच्या सामायिक प्रयोगशाळेतलं यंत्र सगळ्या कॉलेजांना खुलं झालं, तेव्हा तिने लगेच नाव नोंदवलं. सात आठवड्यांनी नंबर लागला. वेळ मिळाली अकरा ते पावणेबारा.

यंत्र चालवायला गोरक्षनाथकाका होते. आधीची वीस वर्षं त्यांनी साखर कारखान्यातली यंत्रं सांभाळली होती.

"ताई, आज लई खूश हाय गडी," यंत्रावर हात ठेवत ते म्हणाले. "सोडा तुमचा माल."

पडद्यावर एकेका पेशीचे ठिपके उमटू लागले. रेश्मा श्वास रोखून बघत होती. शंभर, पाचशे, हजार... आणि ठिपके थांबले.

"चोंदली नळी," काका म्हणाले. "पेशींच्या गुठळ्या झाल्यात. साफ करायला वीस मिनिटं तरी जातील."

घड्याळात अकरा वीस. पुढचा नंबर कर्जतच्या कल्याण ढगेंचा होता आणि ते शेळीच्या पेशी घेऊन दारातच उभे होते. रेश्मा दाराकडे वळली. आज हुकलं तर या पेशी उद्यापर्यंत जगणार नव्हत्या.

"सर, माझ्यामुळे तुम्हाला..."

"ते राहू द्या. गाळून घेतल्या होत्या का?"

"एकदाच."

"बारीक जाळीतून पुन्हा गाळा. ही घ्या." ढगेंनी आपल्या पिशवीतली गाळणी काढून दिली. "माझ्या पेशी बर्फात आहेत, दीडपर्यंत दम धरतील. पण काका, तुमची जेवणाची सुट्टी?"

"भाकरी काय पळून जाती व्हय?" काकांनी तोवर नळी उघडलीसुद्धा होती.

रेश्माने थेंब थेंब करत सगळं गाळलं. बारा वाजायला दहा मिनिटं असताना यंत्र पुन्हा सुरू झालं. या वेळी ठिपके थांबेचनात! पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात त्यांचा वेगळाच पुंजका जमला, दाट, हिरवागार.

"याच! काका, याच त्या!" ती ओरडली. ढगेंनी टाळीच वाजवली.

निवडलेल्या पेशी तिने काचेच्या बशीत घालून तिथल्याच ऊबपेटीत ठेवल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने ती परत आली, बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि डोळा लावला. पेशींनी तळ धरला होता. लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या, आणि काही तर दोनाच्या चार होत होत्या.

"जगल्या!" तिने घरी वडिलांना फोन लावला. "आण्णा, जगल्या! वाढायला लागल्या!"

तिचा आवाज ऐकून गोरक्षनाथकाका आले. दीड वर्षं त्यांनी लोकांच्या पेशी निवडून दिल्या होत्या, पण त्यांचं पुढे काय होतं ते कधी बघितलंच नव्हतं.

"मला बगू द्या की," ते म्हणाले.

चष्मा कपाळावर चढवून ते वाकले.

"आरं तिच्या," एवढंच पुटपुटले. मागे दोघंजण सूक्ष्मदर्शकासाठी खोळंबले होते, पण काका काही हलायला तयार नव्हते.