साप निजवणारा फ्रिज

मी एक जुना फ्रिज आहे. मित्रांनो, सरळ उभे राहा आणि मध्ये बोलू नका. माझ्या अंगावर कार्टूनची चित्रे चिकटवून नंतर ती नखाने खरवडणाऱ्या पोरांचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे.

माझे अंग जाड पत्र्याचे. हल्लीच्या फ्रिजांना कोपर लागले तरी पोचा येतो. मुलुंडच्या या घरी मी आलो, तेव्हा सुलक्षणाबाईंनी मला हळदीकुंकू वाहिले आणि मजल्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांना बोलावून माझ्यातले गार पाणी पाजले. बाई मूळच्या देवगडच्या. त्यांचा आमरस, सोलकढी, हलवा माशाच्या तुकड्या हे सारे मी वर्षानुवर्षे सांभाळले. "आमचा फ्रिज म्हणजे घरातला कर्ता पुरुष," असे त्या पाहुण्यांना सांगत, आणि घरातले पुरुष ते ऐकून मान डोलावीत. त्यांच्याकडून मला दुसरी अपेक्षाही नव्हती.

पुढे वय झाले. माझा बर्फाचा कप्पा आजही कडक गोठतो, पण खालचे अंग पुरेसे गार होत नाही. एकदा दूध नासले. त्याच आठवड्यात दोन दारांचा, अंगावर दिवे मिरवणारा एक उथळ प्राणी स्वयंपाकघरात आला आणि मला मागच्या गॅलरीत वॉशिंग मशीनशेजारी ढकलण्यात आले.

तिथे मला नवी नोकरी दिली ती बाईंच्या मुलाने, देवेशने. कोणाची, ते ऐका. सापाची.

देवेशने केशर नावाची एक नारिंगी सापीण पाळली आहे. बिनविषारी, परदेशी जातीची, सरकारदरबारी रीतसर नोंदवलेली. तिच्या मूळ मुलखात हिवाळा आला की ही जात बिळात जाऊन निजते आणि निजून उठली की अंडी घालते. देवेशला अंडी हवी होती. मुलुंडचा हिवाळा तर तुम्ही जाणताच. सकाळी स्वेटर घालून फिरायला जाणारी माणसे दुपारी पंखा लावतात. तेव्हा हा शहाणा विकतचा हिवाळा शोधू लागला. नवा फ्रिज फार गार, त्यात साप मेला असता. माझे खालचे अंग मात्र त्याने थर्मामीटर ठेवून तपासले, तर ते नेमके बिळाइतके गार निघाले. "झकास! आईचं डबडं कामाला आलं," असे तो आपल्या बायकोला, अनुपमाला, म्हणाला. ज्याच्यात दूध टिकत नाही त्याच्यात साप टिकतो, हा माझा उतारवयातला गौरव.

तयारी त्याने केली. केशरचे खाणे थांबवले, पण गॅलरीतच ती ज्या काचेच्या पेटीत राहते तिच्यातली ऊब चालू ठेवली, म्हणजे आधीचे सगळे पचून पोट रिकामे व्हावे. भोके पाडलेला डबा आणला, पाण्याची वाटी आणली. माझे बटण आधी अगदी कमीवर ठेवून रोज थोडे पुढे सरकवायचे, असे ठरवले.

सुलक्षणाबाई सापाला साप म्हणत नाहीत, 'जनावर' म्हणतात, आणि पेटीसमोरून जाताना भिंतीकडे तोंड करतात. त्यांच्या कानी एवढेच आले की जनावर दोन महिने निजायला जाणार आणि कित्येक दिवस त्याला कोणी काही घातलेले नाही. या बाईंच्या घरातून आजवर कोणी रिकाम्या पोटी गेलेले नाही. नळ दुरुस्त करायला आलेला माणूसही पोहे खाऊनच सुटतो.

केशरला निजवायच्या दिवशी दुपारी, घरात दुसरे कोणी नसताना, बाई गॅलरीत आल्या. माझ्या बर्फाच्या कप्प्यात आइस्क्रीमच्या डब्यात केशरसाठी मेलेले उंदीर ठेवलेले असतात. होय, उंदीर. बाईंनी नाकाला पदर लावून त्यांतला एक निवडला, देवेश करतो तसा कोमट पाण्यात सैल केला आणि लांब चिमट्यात धरून, डोळे मिटून, जनावरापुढे केला. केशरने तो गिळला. बाईंनी मग डोक्यावरून आंघोळ केली.

भरल्या पोटी गारठ्यात गेलेला साप जगत नाही, हे देवेश फोनवर मित्रांना सांगत असे आणि मी ऐकत असे. मी घरघरलो. पण फ्रिज घरघरला की माणसे त्याला लाथ घालतात, ऐकत नाहीत.

संध्याकाळी देवेशने केशरला, ती पेटीतल्या ज्या खोक्यात वेटोळे करून बसली होती त्या खोक्यासकट, डब्यात ठेवले आणि डबा माझ्यात सरकवला. तिला त्रास नको म्हणे! म्हणून उचलून पाहिलेसुद्धा नाही. मग जेवायला बसल्यावर अनुपमाने त्याला विचारले, की बिचारीला इतके दिवस उपाशी का ठेवले.

"अगं, पोटात काही राहिलं तर थंडीत पचत नाही. आतल्या आत सडतं. मग साप वाचत नाही."

खिडकीतून मला बाई दिसत होत्या. त्यांचा घास हातातच राहिला. मित्रांनो, ही बाई चुकली असे या घरात कोणी कधी ऐकलेले नाही. भात करपला तर दोष गॅसचा. आता त्या गप्प बसतील, साप मरेल, देवेश इंटरनेटवरून घेतलेल्या परदेशी सल्ल्याला शिव्या देईल आणि कोणाला काही कळणार नाही, असा माझा हिशेब होता. माणसांविषयीचे माझे हिशेब सहसा चुकत नाहीत.

बाई उठल्या. खरकट्या हाताने गॅलरीत आल्या, डाव्या हाताने माझे दार उघडले आणि तो डबा उचलून छातीशी धरला.

"ह्याच्या पोटात उंदीर आहे," त्या म्हणाल्या. "दुपारी मी घातलाय."

"तू? आई, तू तर तिच्या वाऱ्यालाही उभी राहत नाहीस."

"मग? उपाशी कोणाक धाडतत काय रे?"

"विचारायचं तरी ना."

"मी कधी कोणाला विचारलंय, जेवणार का म्हणून? सरळ वाढते." एवढे बोलून त्यांनी डबा त्याच्या हातात दिला. "जगेल ना रे?"

 देवेशने केशरला पुन्हा पेटीच्या उबेत ठेवले. पुढचे काही दिवस बाई पेटीसमोर खुर्ची टाकून बसल्या, आणि या वेळी तोंड भिंतीकडे नव्हते. अखेर एका सकाळी केशरने पेटीत घाण केली, म्हणजे उंदीर पचला. त्या घाणीकडे पाहून तीन शिकलीसवरलेली माणसे आनंदाने हसली. त्याविषयी मी काही बोलू इच्छित नाही.

आता केशर माझ्यात निजली आहे, रिकाम्या पोटी. आतली हवा बदलावी म्हणून रोज दार उघडावे लागते. ते काम बाई करतात. वाटीत पाणी ओततात आणि आतल्या खोलीकडे पाहून हाक मारतात, "देवेश, एवढं पाणी पुरे ना रे?"

मित्रांनो, जीव लावायला अक्कल लागत नाही. ज्याला लावला त्याला काय सोसते, हे विचारायला मात्र ती लागते. तुमच्याविषयी मला फारशी आशा नाही. पण या बाईंना या वयात ते साधले, तेव्हा तुम्हीही प्रयत्न करून पाहा. आता दार लावा. हळू. आत कोणी निजले आहे.