न विचारता दिलेली गाय

त्या सकाळी सलाशच्या हातात काळा चहा आला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. दूध कुठंय, म्हणून त्याने बायकोला विचारलं. रेसियातोने पोरीकडे बोट दाखवलं. पोर सहा महिन्यांची, आणि उरलेली म्हातारी गाय वाटीभर दूध देते. ते पोरीला पाजलं.

आणि हे कुणामुळे? आदल्या दिवशीचा पराक्रम त्याचाच होता. त्याचा दोस्त कोइनेत याच्याकडे एक वळू होता, लांबच लांब शिंगांचा. सुंदर शिंगं दिसली की आम्हा मसाई पुरुषांची अक्कल चरायला जाते, हे मी स्वतःला धरूनच सांगतो. सलाशने वळू आपल्या गुरांच्या वाडग्यात आणला आणि बदल्यात रेसियातोची ठिपक्यांची दुभती गाय वासरासकट देऊन टाकली. रेसियातो तेव्हा पाण्याला गेली होती. तिची वाट बघावी असं त्याच्या मनातही आलं नाही.

सुनेच्या वाट्याला दिलेली गाय तिच्या घरची, तिला विचारल्याशिवाय हलवायची नाही, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण रीत ठाऊक असणं वेगळं आणि पाळणं वेगळं. तुमच्याकडे तरी काय निराळं असतं?

रात्रभर रेसियातो रडली होती. ती गाय गेल्यावर आता पोरीला पाजायचं काय, हा घोर तिला लागला होता.

इतक्यात सलाशची आई तिपानोई दाराशी आली. सुनेला हाक मारायला तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ती मुकाट्याने दगडावर बसली.

"आई, बोलत का नाहीस?" सलाशने विचारलं.

"काय म्हणून हाक मारू हिला? लग्नात ती गाय मी हिला दिली. तेव्हापासून मी हिला पाकितेंग म्हणते आणि ही मला. गाय देणारी आणि घेणारी एकमेकींना याच नावाने हाक मारतात. तू गाय देऊन आलास. आता त्या हाकेला काय अर्थ राहिला?"

सलाश ओशाळला, पण अडून बसला. गुरांच्या व्यवहारातलं बायकांना काय कळतं, असं काहीबाही पुटपुटला.

म्हातारी उसळलीच. "हे घर हिने बांधलं, शेणाने हिने लिंपलं. रोज धार ही काढते. तू जन्मात एका गाईच्या सडाला हात लावलास का रे? आणि गाय कळते ती तुला?" मग ती सुनेकडे वळली. "सांग गं, त्या वळूची आई दुधाला कशी होती?"

"दोन महिन्यांत आटायची," रेसियातो म्हणाली. "त्याच्या कालवडी तशाच निघतील. पाणवठ्यावरच्या सगळ्या बायकांना माहीत आहे."

"मग मला का नाही सांगितलंस?" सलाशने तिला विचारलं.

"तुम्ही विचारलंत कधी?"

झालं! सलाशला आपली चूक उमगली. शिंगं मोजता मोजता दूध बघायचं राहिलं होतं, आणि ते जिला दिसत होतं तिला त्याने विचारलंच नव्हतं. लाज वाटली त्याला, मनापासून लाज वाटली.

वळूला पुढे घालून तो तडक कोइनेतच्या वस्तीवर गेला. तिथेही रडगाणंच. ठिपकी गाय पान्हा चोरत होती, धार काढायचं भोपळ्याचं भांडं तिने लाथेने उडवलं होतं आणि कोइनेतची बायको उपाशी नवऱ्याला चार शब्द सुनावत होती. दोघे दोस्त एकमेकांकडे बघून पोट धरून हसले. गाय-वासरू परत द्यायला कोइनेतने क्षणभरही वेळ लावला नाही.

घरी येऊन सलाश दाराबाहेरच उभा राहिला. "तुझी गाय आणलीय. तुला न विचारता दिली, चुकलं माझं. यापुढे तुझ्या होकाराशिवाय एक वासरूही हलणार नाही."

"आधी वाटेतून हला," रेसियातो म्हणाली. "धार काढायचीय." पण हसू काही तिला लपवता आलं नाही.

चार दिवसांनी झाडाखाली पुरुषांची बैठक भरली. एक जण कालवड विकायची म्हणत होता. सलाशने त्याला विचारलं, "घरात विचारलंस का?" सगळे खो खो हसले. त्या हसणाऱ्यांतले तिघे मात्र संध्याकाळी गुपचूप घरी जाऊन आपापल्या सौद्याबद्दल विचारून आले. त्यातला एक मी. बायको चक्क नाही म्हणाली, आणि कारण असं सांगितलं की मी तो सौदा सोडूनच दिला.

मंडळी, जे हात रोज राबतात, त्यांचं शहाणपण घरात असून आपण गावभर सल्ला मागत फिरतो. बायकोला विचारल्याने कुणाची मान खाली जात नाही. न विचारता केलेल्या कारभारानेच ती जाते.