वाकलेली गोपद्मं

आश्विनाची सकाळ केशरपाण्यात न्हाऊन उतरली. प्राजक्ताच्या सड्यावर कोवळं, शरदशीतल ऊन. आणि तुळशीपुढे कडाप्प्याची काळीभोर, नितळ, नवीकोरी फरशी.

नवी, कारण जुनी वाकली होती. निदान द्वारकाबाईंचं म्हणणं तसं. चातुर्मासाचं त्यांचं व्रत, रोज तेहतीस गोपद्मं, गाईची इवली इवली पावलं. यंदा चिमटीतली रेघ नागिणीसारखी वळू लागली. बापड्या लेकाने फरशी उखडून दुसरी घातली. आणि आज तीही वाकली!

"फरशी नाही हो, आई," सून श्यामल हलकेच म्हणाली. "रेघच वाकडी येतेय. तुमची."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्याचा फोटो काढला. मधुमेह जुना, डोळ्यांत त्याचा दाह मात्र नवा, निःशब्द, वेदनाहीन.

केशसूक्ष्म रक्तवाहिन्या, वर्षानुवर्षं साखरेत भिजलेल्या. त्यांच्या जखमी भिंतींतून रेणूंनी हाका घातल्या. हाकेसरशी श्वेतपेशी धावल्या, भिंतींना बिलगल्या. राखणीला आल्या आणि राखायचं तेच पेटवून बसल्या. भिंती पाझरल्या, थेंब थेंब, थेंब थेंब. दृष्टीच्या गाभाऱ्यात, जिथे रेघ सरळ उमटते नेमकं तिथेच, पाणी साचलं, सूज चढली.

"डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल. उद्याच," डॉक्टर म्हणाले. "आणि काही दिवस रांगोळीची पूड जवळ नको."

"कार्तिकी झाली की येते ना."

"तोवर मधली नजर राहील, असं मी सांगू शकत नाही, आजी."

सांज करड्या पावलांनी अंगणात आली. एकीकडे नजर, एकीकडे नेम; मधे द्वारकाबाई, वाऱ्यातल्या ज्योतीसारख्या, क्षणात इकडे, क्षणात तिकडे. नेमाला खंड? देवापुढे दिलेला शब्द?

"मी काढू, आई?" श्यामलने विचारलं. "छापाने पटकन उमटतील."

छाप! या उंबऱ्याच्या आत छाप कधी आला नव्हता. तुळशीपुढची चिमूट दुसऱ्या हाती कधी गेली नव्हती. द्वारकाबाईंनी रांगोळीची वाटी जवळ ओढली. अंधार तुळशीच्या मंजिऱ्यांपर्यंत चढला.

"छाप नको," अखेर त्या पुटपुटल्या. "हातानंच काढ. वेडीवाकडी आली तरी चालतील."

"मग अगदी तुमच्यासारखीच की!"

दोघी हसल्या. हसता हसता एकीचे डोळे भरले.

दुसऱ्या दिवशी शुभ्र, तीक्ष्ण, निर्दय दिवा. पापणी चिमट्याने ताणून धरलेली. मिटता येईना, हलता येईना. ओठांवर नाम आलं, तोच डॉक्टर म्हणाले, "आता बोलायचं नाही हं." नामही ओठांवरच थिजलं.

एक दाब. एक कळ.

आणि त्या धवल, निस्तब्ध उजेडात, औषधासोबत सुईतून आलेल्या हवेचा, एक काळा बुडबुडा उतरला. मोत्याएवढा, गोल, सावळा. डुलत डुलत खाली गेला, खाली, आणखी खाली. आणि न मिटलेला डोळा, न उच्चारलेल्या नामासह, त्याच्यामागे जात राहिला, जात राहिला.