तिसरी टोचणी

दंडावर पट्टी आवळून शीरवालीने ताईच्या कोपरापाशी बोट फिरवलं. बोटाला काहीच लागलं नाही. दुसऱ्या परिचारिकेचं दोनदा टोचून झालं होतं आणि दोन्ही वेळा सुई कोरडी निघाली होती.

'शीरवाली' हे नाव तिला इस्पितळाने दिलं होतं. वॉर्डाचा नियमच होता: इतर परिचारिकांनी दोनदा टोचायचं, नाही जमलं तर तिसऱ्या, शेवटच्या टोचणीला शीरवालीला बोलवायचं. सव्वीस वर्षं तिसरी टोचणी तिची होती. भाजलेले हात, सुजलेले हात, कुणाचीही शीर तिला सापडायची आणि त्याचा तिला जरा तोराही होता. का नसावा? आज मात्र तिच्यामागून बोलवायला कुणी नव्हतं.

ताईचं हृदय थकलं होतं आणि औषध शिरेतूनच जायला हवं होतं. मानेतून नळी घालू का, असं डॉक्टरांनी काल विचारलं, तेव्हा ताईने साफ नाही म्हटलं. गळ्याला हात लावायचा नाही, माझी धाकटी बहीण हातातून देईल, असं वर ठणकावूनही सांगितलं.

शीरवालीने ताईचा हात पलंगाखाली लोंबता सोडला, कोमट टॉवेल गुंडाळला, हलक्या चापट्या मारल्या. नव्या मुलींना ती नेहमी शिकवायची, की हृदयाचा जोर ओसरला की शरीर आधी हातापायांवर पाणी सोडतं. तिथल्या वाहिन्या आवळून घेतं आणि उरलेलं रक्त मेंदूकडे, हृदयाकडे वळवतं. आई गेल्यावर ताईने घर असंच चालवलं होतं, स्वतःच्या ताटापुरता हात आखडता घेऊन. हृदयाचं ते वाक्य मुली वहीत उतरवून घ्यायच्या. आज तिला ते आठवूही नये असं वाटत होतं.

तिसऱ्यांदा टोचलं. मग नियम मोडून चौथ्यांदा, मनगटाशी. काही नाही. ती पट्टी सोडत असताना ताईने डोळे उघडले.

"सापडली का गं?"

"सापडली, ताई."

"वाटलंच मला. तुझा हात हलका. टोचलेलं कळलंसुद्धा नाही."

चार सुया टोचूनही कळलं नव्हतं, याचा अर्थ शीरवालीला पुरेपूर ठाऊक होता. तिने रिकामी नळी ताईच्या मनगटावर ठेवली, वरून चिकटपट्टी लावली आणि हात पांघरुणात घेतला. ताई निवांत झोपली.

तेवढ्यात नवी परिचारिका दाराशी आली. नऊ नंबरच्या माणसाला दोनदा टोचून झालं होतं. नाही म्हणावं असं शीरवालीच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण पाय आपोआप निघाले.

नऊ नंबरला तिने पट्टी बांधली, बोट फिरवलं, सुई घातली. तिच्या एकाच टोचणीत रक्त वर आलं, गडद लाल. त्या अनोळखी माणसाचा तिला क्षणभर मनापासून राग आला.

"काय झालं, सिस्टर?" त्याने विचारलं.

"काही नाही. मिळाली."

तिने पट्टी सोडली, सुईवर चिकटपट्टी लावली आणि तिच्या कडा दोन बोटांनी नीट दाबून बसवल्या.