पाऊस चालू असताना घ्यावयाचा नमुना

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा आमच्या तालुक्याच्या गावाला वाटलं, आता काहीतरी मिळणार. मिळालं. पावसाच्या पाण्याची नाली मिळाली. बाजारपेठेपासून गावाबाहेरच्या ओढ्यापर्यंत, सिमेंटची, वरून फरशा टाकून झाकलेली. पाऊस तेवढा मिळाला नाही. नाली झाली त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही. तिसऱ्या वर्षी आभाळ आलं, नाली बघितली आणि गेलं.

नाली झाली म्हणजे नियम पाहिजे. नगरपालिकेने कोकणातल्या कुठल्याशा गावाचे नियम मागवले, वरचं नाव खोडून आपलं घातलं आणि एकमताने मंजूर केले. या नालीत पावसाच्या पाण्याखेरीज काहीही सोडणाऱ्यास दंड, असं एक कलम होतं. त्याच्या खालचं कलम वाचायचं राहून गेलं. ते असं : पाण्याचा नमुना पाऊस चालू असताना, नालीच्या तोंडाशी, स्वच्छ बाटलीत घ्यावा.

नालीचं तोंड ओढ्याकाठी सुमनबाईच्या खोपटासमोर उघडत होतं. सुमनबाई एकटी. तिचा संसार म्हणजे चांदी नावाची देवणी गाय आणि चौदा घरचा दुधाचा रतीब. सगळ्या शिवारात ओल म्हणून उरली होती ती त्या नालीच्या तोंडाशी, त्यामुळे चांदी दिवसभर तिथे बसायची. गाय शहाणी होती, पण ही ओल कुठून येते याची चौकशी तिने केली नव्हती.

ओल नरसिंगकडून येत होती. नरसिंगचा बाजारात लुगडी आणि सूत रंगवायचा कारखाना. रंगकाम झालं की उरलेली कढई तो नालीची फरशी उचलून आत उपडी करी. सोमवारी जांभळा, गुरुवारी हिरवा. देवणी गाय पांढरी, वर काळे ठिपके. महिन्याभरात काळे ठिपके तेवढे जागेवर राहिले.

रतीब तुटायला लागले. चौदाचे नऊ झाले, नवाचे पाच.

"दूध पांढरंच हाय की वो," सुमनबाई दारोदार सांगायची.

"दूध पांढरं हाय गं," गिऱ्हाइकं म्हणायची, "पण गाय जांभळी हाय."

शेवटी ती नगरपालिकेत आली. तिथे पंचशीला नावाची कारकून होती, औरंगाबादला शिकून आलेली. अख्ख्या कचेरीत नियम वाचलेलं माणूस तेवढंच. तिने अर्ज लिहून दिला : 'माझी गाय नालीतील पाण्याने रंगली असून रतीब तुटत आहेत. उरलेले पाचही तुटले तर गाय विकावी लागेल व मला दुसरे काही नाही.'

अर्ज आरोग्य निरीक्षक मन्मथअप्पांकडे गेला. अप्पा बाटली घेऊन नरसिंगकडे गेले.

"या अप्पा. चहा घ्या. बाटली कशाला आणली?"

"नमुना घ्यायचाय. नालीत रंग सोडायलास म्हणं तू."

"घ्या की. पाऊस कुठाय?"

अप्पांनी वर बघितलं. ऊन होतं. त्यांनी चहा घेतला आणि रिकामी बाटली परत आणली.

मुख्याधिकारी साहेब नवीन होते, पुण्याकडचे. त्यांनी फाईल वाचली आणि शांतपणे विचारलं, "पाऊस म्हणजे काय? वरून पडणारं पाणी. बरोबर?"

"बरोबर साहेब," अप्पा म्हणाले. साहेबांना चूक म्हणायची पद्धत नव्हती.

"मग टँकर न्या. वरून पाणी सोडा. तो पाऊस समजावा."

पंचशीला म्हणाली, "साहेब, गावात आठ दिवसांनी टँकर येतोय. तो नालीत ओतायचा?"

"नमुन्यापुरता," साहेब म्हणाले.

त्याप्रमाणे नरसिंगला रीतसर नोटीस गेली : बुधवारी सकाळी दहा वाजता पाऊस पाडण्यात येईल, हजर राहावे.

बुधवारी दहाला टँकर नालीच्या वरच्या टोकाला लागला. मन्मथअप्पा टपावर चढले, पाइप आडवा धरला आणि पाऊस सुरू केला. पहिली धार फरशीवर पडायच्या आत खाली घागर होती. तिच्यामागे हंडा, कळशी, तेलाचा डबा, कुणाचा तरी पाळणा. बाया कुठून आल्या हे अप्पांना कळलं नाही. नालीत एक थेंब गेला नाही. टँकरच्या तळाचं पाणी अप्पांनी कसंबसं बाटलीत धरलं, तर एक म्हातारी म्हणाली, "अप्पा, तेवढं बी द्या की. गोळी घ्यायचीय." अप्पांनी दिलं.

नरसिंगसुद्धा दोन बादल्या घेऊन रांगेत होता. "हीर आटलीया आमची. तळाला गेलीया पार," तो शेजारणीला सांगत होता.

सुमनबाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात दुधाची चरवी होती. पाचातल्या एका घरानं त्याच सकाळी दूध परत पाठवलं होतं.

"नरसिंग, तुज्या रंगानं माजी गाय गेली."

"मावशी, रंगात काय विष हाय व्हय? पोटात गेला तरी कायबी होत न्हाई."

"मग हे पी. समद्यांसमोर. अन् जीभ दाव."

बायांनी गोल केला. नरसिंगने चरवी तोंडाला लावली, रिकामी केली, जीभ बाहेर काढली.

जीभ लालभडक होती.

"आगं बाई!" चौघी जणी एकदम मागे सरकल्या. सुमनबाई मटकन खाली बसली.

"पान! पान हाय ते!" नरसिंग ओरडला. "आत्ताच खाल्लंय!"

"चूळ भरून दाव मग," कुणीतरी म्हणालं.

आता आपल्या घागरीतलं पाणी नरसिंगच्या चुळीला कोण देणार? नरसिंगने समोरच्याच आपल्या घराकडे तोंड करून बायकोला हाक मारली, "सिंधु! पाणी आण गं!"

सिंधु काठोकाठ भरलेली बादली घेऊन आली. नरसिंगने दोन चुळा भरल्या, जीभ दाखवली. जीभ साधी होती, कुणाचीही असते तशी. सुमनबाई उठून उभी राहिली. आणि सिंधुने घरच्या सवयीने बादलीत उरलेलं पाणी रस्त्यावर भिरकावून दिलं.

त्या वर्षी आमच्या गावात भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसत होते. पाणी फेकणारं माणूस लोकांनी फार दिवसांनी बघितलं. एक पोर तर विचारायला लागलं, हिनं काय सांडलं.

इतके दिवस गावाने नालीतला रंग बघितला होता. पाणी कुणी बघितलंच नव्हतं.

"आगं," सुमनबाई सावकाश म्हणाली, "हेच्या हिरीला पाणी हाय."

घागरी वळल्या. नरसिंग आडवा झाला. "खाजगी हीर हाय! सांगून ठेवतो!"

"टंचाईत विहीर ताब्यात घ्यायचा कागद माझ्याच टेबलावर असतो, नरसिंगभाऊ," पंचशीला म्हणाली. "सहीला आज संध्याकाळी पाठवते. त्याला पाऊस लागत नाही."

नरसिंगने मन्मथअप्पांकडे बघितलं. अप्पा टँकरच्या टपावर बसून रिकामी बाटली रुमालाने पुसत होते.

विहीर बायांकडे गेली तशी कढई पालथी पडली आणि नाली पुन्हा कोरडी ठणठणीत झाली. दूध पिऊन नरसिंगला काही झालं नाही, ही बातमी सगळ्या गल्ल्यांतून फिरली. काहींना जरा वाईट वाटलं, पण आठवड्यात नऊ रतीब परत आले. ओल मात्र गेली, म्हणून सुमनबाई चांदीला घेऊन विहिरीवर आली. रांग मोडून.

"मावशी, माणसांच्या आधी गाय?" रांगेत पाळी येऊन दोर धरलेला नरसिंग म्हणाला.

"ती जांभळी कुणी केली? वढ."

नरसिंगने एक पोहरा ओढला. दुसरा ओढला. पाचव्याला त्याला धाप लागली.

"लई पिती वो ही. किती वढू?"

"ती तोंड वर करती तवर," सुमनबाई म्हणाली. "आन् उद्यापास्नं तुज्याबी घरी अर्धा शेर टाकणार हाय. सिंधुला भांडं काढून ठेवाय सांग."