माझ्या पाठीवरचा चहाचा पेला

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. बुटांना चिखल लागू नये म्हणून चार हात लांब उभे राहिलात आणि कागदावर 'चालत नाही, निकामी' असा शेरा मारून मोकळे झालात. चावी फिरवली नाहीत. तेल किती आहे ते पाहिलं नाहीत. शिपायाकडून माझ्या अंगावर पांढरी फुली काढून घेतलीत आणि जेवायला गेलात.

मित्रांनो, मी एक जुना रोलर आहे. पुढे एक रुंद लोखंडी चाक, मागे दोन उंच चाकं, वर पत्र्याचं छप्पर. आजकालचे रोलर अंगात आल्यासारखे थरथरतात. मला ते जमत नाही. मी नुसता जड आहे आणि हळू आहे. पण या हळूपणातच माझी अक्कल आहे, आणि ती ओळखली तात्यांनी.

तात्या म्हणजे रस्ते बांधणाऱ्या सरकारी कचेरीतले माझे पहिले चालक. आसनाशेजारच्या सपाट पत्र्यावर ते चहाचा पेला ठेवायचे आणि मगच मला पुढे काढायचे. इंजिनाच्या ठोक्यांनी चहा थरथरायचाच, पण एका लयीत. खालची जमीन कुठे पोकळ असली, की तो एका बाजूला कलायचा. तात्या तिथेच थांबायचे, उतरायचे, खुणेचा दगड ठेवायचे. आमच्या रस्त्यांना खड्डे पडत नाहीत अशी ख्याती होती. कौतुक तात्यांचं व्हायचं, पण ते माझ्या चाकावर थाप मारायचे आणि मला माझा वाटा मिळायचा.

तात्या निवृत्त झाले, नवी यंत्रं आली आणि मला भिंतीकडे ढकललं. आसनाखाली मुंग्यांनी संसार थाटला. मग तुम्ही आलात, साहेब, आणि फुली मारून गेलात.

लिलावात मला घेतलं तात्यांच्या मुलीने. तिला सगळे ताई म्हणतात. तिने आल्या आल्या चावी फिरवली. मी सुरू झालो नाही, खोटं कशाला बोलू? बॅटरी उतरली होती. तिने बॅटरी बदलली, डिझेलच्या नळीतला गाळ काढला. चौथ्या खेपेला मी खोकलो आणि धडधडायला लागलो. ताई हसली आणि पदराने माझं आसन पुसू लागली.

आता गेल्या महिन्याचं काम सांगतो. एक घर रस्त्यापासून सत्तर पावलं आत होतं, मध्ये नुसता चिखल. घरातल्या म्हाताऱ्या आईला आठवड्यातून तीनदा इस्पितळात न्यावं लागे. गाडी रस्त्यावरच थांबायची. मग मुलगा आणि सून तिला खुर्चीसकट उचलून न्यायचे. ती करवादायची, "मी काय कपाट आहे का रे?" म्हणून गाडी थेट दारापर्यंत यावी असा खडीचा रस्ता हवा होता, आणि तोही दोन दिवसांत.

ताईचा भाऊ, म्हणजे दादा, जेसीबी चालवतो. त्याने वरची मऊ माती खरवडून काढली. आता उघड्या जमिनीवर मी फिरायचं, मग मोठे दगड, मग खडी, मग बारीक कच. ताईने पेला पत्र्यावर ठेवला. आम्ही निघालो. फाटकापासून वीस पावलांवर चहा डावीकडे कलला. ताईने मला थांबवलं.

"काय गं, काय झालं?" दादाने विचारलं.

"चहा कलला."

"तुझा चहा कलला म्हणून दगडांचा डंपर थांबवू?"

"थांबव."

घरमालक मुलगा धावत आला. "ताई, उद्या दुपारी आईची गाडी यायचीय. तिथे थोडी खडी जास्त टाका ना."

ताईने मला मागे घेतलं आणि पुन्हा पुढे काढलं. चहा तिथेच, त्याच बाजूला कलला. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. "तिथे जुना शोषखड्डा होता. तुझ्या बाबांनी वर फळ्या टाकून माती लोटली होती."

मुलगा कपाळाला हात लावून म्हणाला, "आई, मग आधी का नाही सांगितलंस?"

"मला विचारलं कुणी?"

दादाने तिथे जेसीबीचा दात घातला. फळ्या बिस्किटासारख्या मोडल्या. खाली पुरुषभर पोकळी.

मुलगा कडेला येऊन आत डोकावला. "उद्या इथून आईला घेऊन गाडी..." एवढंच म्हणाला.

दादाने पोकळी थराथराने दगडांनी भरली आणि बकेटने ठोकून घेतली. मग दगड, खडी, कच, पाणी, आणि वरून मी. कडेकडून मध्याकडे येत गेलो, म्हणजे मधला भाग जरा उंच राहतो आणि पाणी दोन्हीकडे निघून जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटची फेरी झाली. चहा एकदाही कलला नाही. ताईने तो तिथेच बसून प्यायला. गार झाला होता म्हणे.

दुपारी गाडी दारापर्यंत आली. आई काठी टेकत तीन पावलं स्वतः चालली आणि वाटेत माझ्यापाशी थांबली. माझ्या चाकावर काठी वाजवून म्हणाली, "हा तर माझ्याहून म्हातारा दिसतो."

"पण चालतो," ताई म्हणाली.

"मीपण चालते. फक्त विचारायला हवं."

मित्रांनो, यंत्राला वेळेवर तेल द्या, ग्रीस भरा, पावसात उघड्यावर टाकू नका. आणि टाकाऊ म्हणण्याआधी एकदा चावी फिरवून बघा. एवढंच मागणं आहे माझं.

मी सुखात आहे, साहेब. काम आहे, सावली आहे, पाठीवर चहा आहे. फुली ताईने मुद्दाम पुसलेली नाही. पण त्या दिवशी आवारात माझ्याशेजारी आणखी अकरा यंत्रं उभी होती आणि तुम्ही फुली सगळ्यांवर मारलीत. त्या अकरांपैकी किती जणांची चावी फिरवून पाहिली होतीत? आकडा सांगा. लेखी सांगा.